फोन लागणार नाही असं धरून चल

ताई,

मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यातली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही पाच जण, तीन मुली आणि दोन मुलं, येत्या जानेवारीत मुंबईला लोलापालूझा या गाण्यांच्या मोठ्या महोत्सवाला चाललो आहोत. तिकिटं काढून झाली. माझ्या वाट्याचे पैसे मी शिकवण्या घेऊन जमवले, त्यामुळे त्याबद्दल घरून कोणी काही बोललं नाही.

अडचण दुसरी आहे. मागच्या हिवाळ्यात आम्ही नागपूरला गाण्यांच्या एका मोठ्या कार्यक्रमाला गेलो होतो. दोघं जण दुसरीकडे गेले होते, मी आणि एक मित्र पाणी आणायला मागे आलो, आणि आमची एक मैत्रीण पुढे एकटी राहिली. आम्हाला परत आत शिरताच आलं नाही. रेंज फुल दिसत होती, पण कॉल लागेना, व्हॉट्सॲप जाईना. ती आम्हाला मध्यरात्री पार्किंगमध्ये सापडली. तेव्हापासून बोलते, पण पहिल्यासारखं नाही. "तुम्ही मले सोडून गेले," एवढंच म्हणते. आता ती येतेय, पण कोणी एक मिनिटही वेगळं व्हायचं नाही अशी तिची अट आहे. आईची अट दर अर्ध्या तासानं फोन करायची, "नाही तं माहा जीव टांगनीले लागते." मुलं म्हणतात, लाइव्ह लोकेशन चालू ठेवलं की झालं. एकानं ऑनलाइन वॉकीटॉकी पाहून ठेवलेत, आणि सगळ्यांनी एकाच रंगाचे टी-शर्ट घालायचंही चाललंय. नेमकं काय करावं?

ब्रह्मपुरीची एक वाचक

*

बाई, तुझ्या पत्रात फोन, मैत्रीण आणि आई असे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. फोनचा सगळ्यात सोपा, म्हणून तो आधी.

रेंज फुल असताना फोन का लागत नाही, हे एकदा नीट समजून घे, म्हणजे मुंबईत मोबाईल हवेत धरून उभं राहण्यात तुझी अर्धी संध्याकाळ जाणार नाही. पडद्यावरच्या त्या काड्या एवढंच सांगतात की टॉवरचा सिग्नल तुझ्यापर्यंत किती जोरात पोचतोय. टॉवरकडे तुझ्यासाठी जागा उरली आहे का, हे त्या सांगत नाहीत. लग्नघरच्या वांग्याच्या भाजीचा वास चौकापर्यंत आला म्हणून पंगतीत पाट मिळतोच असं नाही. एका टॉवरच्या वाट्याला ठरावीक लहरी आलेल्या असतात, आणि त्याच्या टापूतल्या सगळ्या फोनांत त्या वाटल्या जातात. त्यात मोबाईलचं जाळं बांधतानाच खाली उतरवायला जास्त आणि वर चढवायला कमी जागा ठेवतात, कारण एरवी माणसं पाहतात जास्त, पाठवतात कमी. अशा मैदानात ते उलटं होतं. जो तो व्हिडिओ काढून वर चढवत असतो. कंपन्या चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे करतात, त्यानं थोडा फरक पडतो. पण लोकांचा लाडका गायक मंचावर आला की सगळे हात एकदम वर जातात, आणि तेवढा वेळ तुझा फोन म्हणजे नुसती बॅटरी.

म्हणून पहिलं गृहीत हेच धर की आत फोन लागणार नाही. लागला तर वरकमाई.

लाइव्ह लोकेशनचं मुलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. फोन स्वतःची जागा उपग्रहांवरून ओळखतो, त्याला टॉवर लागत नाही. पण ती जागा तुम्हाला कळवायला इंटरनेट लागतंच. ते अडलं की मैत्रिणीचा ठिपका तुझ्या पडद्यावर अर्ध्या तासापूर्वीच्या जागी बसून राहतो, आणि तुम्ही चौघं त्या रिकाम्या जागेकडे गर्दी चिरत जाता. तो कधीचा आहे हे तिथंच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, पण तेवढ्या घाईत ते कोण वाचतं? व्हॉट्सॲपवर १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे पर्याय आहेत. आठ तासांचा लावला तर अंधार पडायच्या आत फोन मान टाकेल. ते रस्त्यासाठी ठेवा. नागपूर सुटल्यापासून खोलीवर पोचेपर्यंत, आठ तास संपले की पुन्हा लावून, खुशाल चालू असू द्या. मैदानात शिरताना बंद करा.

आत उपयोगी पडतो तो साधा एसएमएस, ज्याला आपण फक्त बँकेचे आणि ओटीपीचे मेसेज येण्याची जागा समजतो. तो इतका छोटा असतो की त्याला इंटरनेटच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, आणि समोरचा फोन सापडला नाही तर कंपनीकडे थांबून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. फक्त तो उशिरा पोचू शकतो. त्यामुळे मेसेजच्या सुरुवातीला वेळ टाकायची सवय लाव. "मी पाण्याच्या नळाजवळ आहे" हा मेसेज पाऊण तासानं मिळाला तर घात करतो. "७:४० नळाजवळ, ९ ला ठरलेल्या जागी" हा कधीही मिळाला तरी खरा असतो. आणि रोमन अक्षरांत लिही, तसंही आपण तेच करतो. एका एसएमएसमध्ये रोमन १६० अक्षरं बसतात, देवनागरी ७०च, त्यामुळे लांब मराठी मेसेजचे दोन-तीन तुकडे होतात. निघायच्या आधी पाचही जणांच्या रिचार्जमध्ये एसएमएस आहेत का ते बघून घ्या, स्वस्तातल्या काही पॅकमध्ये नसतात.

पाचही जणांचं सिम एकाच कंपनीचं असेल तर एकानं तरी दुसऱ्या कंपनीचं घ्या. घरात साधा बटणांचा टूजी फोन पडला असेल तर तोही उचल. जिओकडे टूजी नाही, त्यामुळे त्यात एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम लागेल. सगळे फोरजी-फाइव्हजीवर झोंबत असताना जुन्या वाटेनं कधीकधी कॉल निघून जातो. खात्री नाही, पण त्याची बॅटरी दोन दिवस टिकते हा फायदा पक्का.

वॉकीटॉकी सोडून द्या. ऑनलाइन मिळणाऱ्यांतले कितीतरी नियमात बसत नाहीत, गेटवर ते काढून घेतील, आणि त्या दणदणाटात ऐकू काय येणार आहे? टी-शर्ट घाला हौसेनं, फोटोत छान दिसतील. रात्री मंचावरचे दिवे फिरायला लागले की पोपटी काय, केशरी काय, सगळंच जांभळं दिसतं.

आता मुद्द्याचं. तू ब्रह्मपुरीकडची आहेस, तुला मंडई सांगायला नको. दिवाळी झाली की गावोगाव भरते. दिवसा बाजार, रात्री वडशाहून आलेल्या कंपनीचं नाटक, पहाटेपर्यंत. आजूबाजूच्या गावांतले पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे, मंडपाबाहेर भज्यांची दुकानं, आणि धूळ. आम्ही पोरी होतो तेव्हा कोणाच्या खिशात फोन नव्हता, आणि नाटकात मन लागलं की कोण कोणाजवळ बसलंय हेही कळत नसे. तरी सकाळी घरची सगळी माणसं बंडीत असत, कारण निघतानाच ठरलेलं असे की खेळ सुटला की बंडी जिथं सोडली तिथं यायचं आणि बैल जुंपून होईपर्यंत वाट पाहिली जाईल. मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या जत्रेत भोंग्यावरून हरवलेल्यांची नावं पुकारतात, तू ऐकली असशील. ज्यांचं आधी ठरलेलं असतं त्यांची नावं सहसा त्या भोंग्यावर येत नाहीत.

तुम्हालाही एवढंच करायचंय, एक जागा आणि काही वेळा. फक्त दोन्ही नीट निवडावं लागतं, आणि पोरंसोरं तिथंच घोटाळा करतात.

जागेचं आधी. गेटवर भेटू म्हणायचं नाही. दुपारी जे आत यायचं गेट असतं ते रात्री बाहेर जायचं होतं किंवा बंदच होतं, आणि तिथले सुरक्षारक्षक कोणाला उभं राहू देत नाहीत. मंचाच्या उजवीकडे म्हणायचं नाही. कोणाची उजवी, तुझी की गाणाऱ्याची? खाण्याच्या स्टॉलपाशीही नाही, कारण एकाच नावाचे दोन स्टॉल मैदानाच्या दोन टोकांना निघतात. आकाशपाळणा असेल तर तो लांबून दिसतो म्हणून मोह होतो, पण त्याच्या भोवती चारी बाजूंनी माणसं असतात आणि तुम्ही दोन बाजूंना उभे राहून एकमेकांची वाट पाहता. माझं मत विचारशील तर प्रथमोपचाराचा तंबू किंवा चौकशीची खिडकी धरा. तिथं रात्रभर उजेड असतो, माणूस असतो, नकाशावर ती जागा छापलेली असते आणि कोणत्याही स्वयंसेवकाला विचारलं तर तो बोट दाखवतो. शिवाय त्या बाजूला आवाज जरा कमी असतो, एकमेकांचं बोलणं ऐकू येतं.

नकाशा पाहून घरी ठरवलंत तरी आत गेल्यावर सगळ्यात आधी पाचही जण मिळून तिथं जा. पहिलं गाणं बुडालं तरी चालेल. तिथं उभं राहून चारी बाजूंना बघा, कुठल्या मंचाकडून यायला कुठून वाट आहे ते बघा. दिवसा पाहिलेली जागा अंधारात परकी वाटते, म्हणून जवळचा एखादा उंच खांब किंवा मोठी पाटी हेरून ठेवा.

वेळ घड्याळाची ठरवायची, गाण्याची नाही. "अमक्याचं संपलं की भेटू" यात गोम अशी की कार्यक्रम मागेपुढे होतो, आणि जो दुसऱ्या मंचासमोर आहे त्याला अमक्याचं कधी संपलं हे कळणार कसं? हा महोत्सव २०२३च्या जानेवारीत भारतात पहिल्यांदा झाला तो मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर. दोन दिवस, चार मंच. एकाच वेळी दोन-दोन ठिकाणी गाणं चालू असतं. तेव्हा पाच, सात आणि नऊ अशा वेळा ठेवा. पंधरा मिनिटं थांबायचं. कोणी नाही आलं तर उरलेल्यांनी आपापल्या गाण्याला जायचं आणि पुढच्या वेळेला परत यायचं. एक भेट चुकली तर घाबरायचं नाही, हे आधीच सगळ्यांच्या तोंडून वदवून घे. गर्दीत अडकलं असेल, गाण्यात रमलं असेल, शौचालयाच्या रांगेत असेल. सलग दोन चुकल्या तर दोघांनी त्याच जागी बसून राहायचं आणि बाकीच्यांनी चौकशीच्या खिडकीवर सांगायचं. शोधत हिंडायचं नाही. शोधायला गेलेला हरवतो, आणि मग एकाच्या जागी दोघांना शोधावं लागतं.

शिवाय बाहेरची एक जागा हवी, कारण एकदा मैदान सोडलं की बहुधा परत आत घेत नाहीत. सगळं संपल्यावर रस्त्यावर लोंढा असतो, महालक्ष्मी स्टेशनकडे तर मुंगीला जागा नसते. म्हणून स्टेशन धरू नका. जरा आडबाजूचं, उजेडाचं, उघडं असणारं ठिकाण दुपारी येतानाच बघून ठेवा. आणि तिथंही गाठ पडली नाही तर थेट खोलीवर. खोलीचा पत्ता पाचही जणांकडे कागदावर लिहिलेला पाहिजे, फोनमध्ये नव्हे. त्याच कागदावर घरचा नंबर आणि एका मित्राचा नंबर. तुझ्या त्या मैत्रिणीचा नंबर तुला पाठ आहे का? खरं सांग. आपल्याला आता कोणाचेच नंबर पाठ नसतात, आणि फोन बंद पडला की शेजारच्या भल्या माणसानं त्याचा फोन पुढे केला तरी लावणार कोणाला?

आता तिची अट. एक मिनिटही वेगळं व्हायचं नाही, हे निभणार नाही. चार मंच, पाच जणांच्या पाच आवडी, कोणाला तहान लागेल, कोणाला पुढे घुसायचं असेल, कोणाचे पाय दुखतील. दुपारी चारलाच मोडेल. आणि तुम्ही शब्द देऊन मोडलात तर तिच्या लेखी ते दुसऱ्यांदा सोडून जाणं होईल. म्हणून तो शब्द देऊ नकोस.

पण ती तसं का म्हणते ते मात्र ऐकून घे. पाणी आणायला गेलीस यात तुझं काही चुकलं नाही. तिचा राग त्यावर नसावा असं मला वाटतं. अंधारात, अनोळखी माणसांत, बॅटरी संपत आलेली, आणि तुम्ही तिला शोधताय की कुठंतरी मजेत नाचताय हेही कळायला मार्ग नाही, असे काही तास तिनं एकटीनं काढले. तू तिला रेंज नव्हती, गर्दी होती, हे दहादा सांगून झालं असेल. ते तिला ठाऊक आहे, तीही तिथंच होती. तिला ती रात्र कशी गेली हे तू कधी विचारलंस का? विचारलं नसशील तर मुंबईला जायच्या आधी विचार. मध्ये तुझी बाजू मांडू नकोस, पूर्ण होऊ दे.

आणि एक कर. भेटायची जागा आणि वेळा तिला ठरवू दे. जिला एकदा चटका बसलाय ती सगळ्यात बारकाईनं बघेल, आणि ठरवणारी तीच असली की ती वाट पाहत बसलेली राहत नाही. मुलं कुरकुर करतील की नाटक कशाला एवढं. करू देत.

तिला खात्री द्यायची ती वेगळी. एकटं कोणी राहणार नाही, ही. दोघांची एक जोडी आणि तिघांची एक, शौचालयापर्यंतसुद्धा. पुढे घुसायची हौस असलेल्या दोन्ही मुलांबरोबर तिला एकटीला टाकू नका. जिच्यासोबत ती निवांत असते तिच्यासोबत ठेवा, बहुधा ती तूच असशील. आणि जोडी हलताना सांगून हलायचं. सांगणं म्हणजे काय, तर तोंडासमोर जाऊन बोटांनी वेळ दाखवायची आणि समोरच्यानं तीच बोटं परत दाखवायची. त्या आवाजात मान हलवणं म्हणजे होकार नसतो, ती तालावरही हलत असते. नागपूरला तू निघताना तिला हाक मारली असशील, तिनं मान हलवली असेल, आणि दोघींना वाटलं असेल की कळलं.

राहिली आई. दर अर्ध्या तासाला फोन करीन असं कबूल केलंस तर पहिल्याच तासाला खोटी पडशील. साडेपाचला फोन आला नाही की आई नागपूरच्या काकाला लावेल, काका मुंबईतल्या कोणाला तरी, आणि तुला काही माहीत नसताना रात्री आठपर्यंत अर्धं गाव ओसरीवर जमलेलं असेल. तिला आधीच सांग की "आपण संपर्क साधू इच्छित असलेली व्यक्ती" वगैरे ऐकू येईल, आणि त्याचा अर्थ एवढाच की टॉवर भरलाय.

पण नुसतं सांगून आईचं मन मानत नाही, हे मलाही माहीत आहे. तिला काम दे. आणि ते खोटं काम नाही, तुमची निम्मी अडचण तीच सोडवू शकते.

बघ, मैदानातून मैदानातल्याला फोन लावायचा तर एकाच वेळी दोन फोनांना टॉवरमध्ये जागा मिळावी लागते, तुझ्याही आणि तिच्याही. मैदानातून गावी लावायचा तर फक्त तुझ्याच फोनला मिळाली की झालं, गावचा टॉवर रात्री मोकळाच असतो. म्हणून आत एकमेकांना फोन करत बसू नका. पाचही जणांनी गावच्या एकाच नंबरावर एसएमएस करायचा किंवा जमेल तेव्हा कॉल लावायचा, तुझ्या आईच्या. कोण, किती वाजता, कुठं, हे तिनं वहीत लिहायचं. वाचायची अडचण असेल तर धाकट्या भावाला बसव. ज्याचा फोन लागला त्यानं विचारायचं, बाकीच्यांचं काही आलं का? मग आईच सांगेल, "थे दोघी सात वाजता तंबूजवळ होत्या, नऊले येतो म्हणाल्या." पूर्वी गावात एकाच दुकानात फोन असे आणि दुकानदार सगळ्या गल्लीचे निरोप ठेवी, तसलंच हे. मला तर वाटतं, आई हे काम तुम्हा पाचही जणांपेक्षा चोख करेल.

याला एक पथ्य आहे. बाकी चौघांच्या घरच्यांनी आपापल्या लेकरांना फोन लावायचे नाहीत, तुझ्या आईला लावायचे. नाहीतर पाच घरांतून पाच फोनांवर सारखा मारा चालू राहील आणि बॅटरी त्यातच संपेल. चारही घरी हे तू स्वतः जाऊन सांग, व्हॉट्सॲपवर नको. आणि आईलाही तुमचाच नियम: एक वेळ चुकली तर काही करायचं नाही, सलग दोन चुकल्या तर ज्याचा लागेल त्याला कळवायचं. महोत्सवाचा मदतीचा नंबर आणि पोलिसांचा ११२ तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दे. रात्री खोलीवर पोचल्याचा फोन मात्र पाचही जणांच्या आवाजात करा, मग ती झोपेल.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. भेटीची वेळ पाळायची म्हणून दाटलेल्या गर्दीत उलटं घुसायचं नाही. नागपुरात सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारींचं नाव का आहे, ते घरच्या मोठ्यांना विचार. २३ नोव्हेंबर १९९४ला विधानभवनाकडे निघालेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले, त्यात बाया आणि लेकरं जास्त होती. आजूबाजूच्यांचे खांदे चहूकडून लागायला लागले, आपल्या मनानं पाऊल टाकता येईना, तर तेव्हाच निघायचं. हात छातीसमोर घ्यायचे, लोंढ्याला विरोध न करता त्याच्याबरोबर तिरकं तिरकं सरकत कडेला यायचं. काही खाली पडलं तर वाकायचं नाही, फोन पडला तरी नाही. सातची भेट नऊला होईल.

बाकी किरकोळ. अशा महोत्सवांत मनगटावर चिपचा पट्टा बांधतात आणि खाण्यापिण्याचे पैसे त्यात आधी भरावे लागतात. ते एकानं सगळ्यांचे भरू नका, ज्याचे त्यानं भरा, नाहीतर तो एक दुसऱ्या मंचाकडे गेला की बाकीचे उपाशी. नेट चालू असतानाच, खोलीवर बसूनच भरून ठेवा. टॅक्सीपुरते रोख पैसे प्रत्येकाजवळ, कारण यूपीआयलाही तोच टॉवर लागतो. पॉवरबँक आत नेऊ देतात का, हे तिकिटासोबतच्या नियमांत वाचा. दोन भेटींच्या मधल्या वेळात फोन एअरप्लेन मोडवर टाका, टॉवर शोधत राहण्यात बॅटरी फार जाते. व्हिडिओ कमी काढा हेही सांगितलं असतं, पण ऐकणार कोण!

परतीच्या गाडीचं राहिलं. तुम्ही पाच जणांनी एकाच पीएनआरवर तिकीट काढलं असेल तर ते आत्ताच पाचही फोनांत आणि एका कागदावर घ्या, आणि ओळखपत्र ज्याचं त्याच्याजवळ असू द्या. विदर्भ एक्सप्रेस सीएसएमटीहून संध्याकाळी सुटते. तिथं फलाटावर एकमेकांना शोधायचं नाही, आपापल्या बर्थवर जाऊन बसायचं. कोणी आलं नाही तर बाकीच्यांनी खाली उतरू नका. तुम्ही जोडीनं राहिलात तर चुकेल तीही जोडीच चुकेल, एकटं कोणी नाही. त्यांच्याकडे खोलीचा पत्ता असेल, पैसे असतील, आईचा नंबर असेल, आणि नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या दुसऱ्या दिवशीही असतात.